फॉर्मॅट मारण्याआधी : गल्ल्यात ठेवायचा एक पेन ड्राइव्ह



या आठवड्याच्या व्हिडिओत बूटेबल पेन ड्राइव्ह कसा बनवायचा ते दाखवलंय. व्हिडिओ बघताना सगळं सोपं वाटतं, पण प्रत्यक्ष करायला बसलं की 'ते बटण एफ ९ होतं की एफ १२?' असं होतं. म्हणून सगळ्या पायऱ्या इथे लिहून दिल्या आहेत. व्हिडिओत वेळेअभावी राहिलेल्या दोन-तीन महत्त्वाच्या गोष्टीही इथे आहेत, विशेषतः बिटलॉकरची. लेख वाचून झाला की प्रिंट काढून कॉम्प्युटरच्या टेबलाच्या खणात ठेवा, कारण ज्या दिवशी याची गरज पडेल त्या दिवशी तुमचा कॉम्प्युटर बंद असेल!

आधी प्रश्न काय आहे ते समजून घेऊ

समजा तुमचा मसाल्याचा छोटा उद्योग आहे. एकच कॉम्प्युटर. त्यावर टॅली, त्यावरच ग्राहकांची यादी, लेबलची डिझाइन्स, बँकेची स्टेटमेंट्स, जीएसटीच्या फाइल्स. महिन्याची १८ तारीख आहे. सकाळी मशीन चालू केलं तर कंपनीचा लोगो येतो, गोल गोल फिरतं, निळा स्क्रीन येतो आणि परत पहिल्यापासून सुरू. दहा वेळा चालू-बंद करून झालं, फरक नाही.

आता आपण काय करतो? कॉम्प्युटर उचलतो आणि रिपेअरिंगवाल्याकडे नेतो. तो दोन मिनिटं बघतो आणि ठरलेलं वाक्य टाकतो, "विंडोज उडालंय, फॉर्मॅट मारावा लागेल." आपण घाईत असतो, आपण म्हणतो, "मारा, पण संध्याकाळपर्यंत द्या."

इथेच घात होतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या फाइल्स डेस्कटॉपवर आणि डॉक्युमेंट्समध्ये असतात, आणि या दोन्ही जागा सी ड्राइव्हवरच असतात. फॉर्मॅट मारला की नेमका सी ड्राइव्हच पुसला जातो. त्या दुकानदाराचा यात वाईट हेतू नसतो. त्याच्याकडे रांगेत आणखी सहा मशीन असतात आणि नवीन विंडोज टाकणं हा त्याच्यासाठी सगळ्यात कमी वेळाचा उपाय असतो. पण त्याच्या वेळेची बचत तुमच्या तीन वर्षांच्या हिशोबावर होऊ द्यायची का, हे तुम्ही ठरवायचं आहे.

आजचा पेन ड्राइव्ह त्यासाठीच आहे. "थांबा, आधी मी माझा डेटा काढून घेतो, मग काय ते करा" असं म्हणता आलं पाहिजे.

बूटेबल पेन ड्राइव्ह म्हणजे नक्की काय?

कॉम्प्युटरमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक यंत्र, म्हणजे मदरबोर्ड, रॅम, डिस्क, स्क्रीन. दुसरी ते यंत्र चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे बहुतेकांकडे विंडोज. बटण दाबलं की मदरबोर्डवरचा एक छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो. त्याला बायोस किंवा नवीन मशीनमध्ये यूईएफआय म्हणतात. तो यंत्राची जुजबी तपासणी करतो आणि मग ऑपरेटिंग सिस्टिम कुठे आहे ते शोधतो. रोज त्याला ती आतल्या डिस्कवर सापडते.

पण त्याला आपण सांगू शकतो की बाबा रे, आज आतल्या डिस्ककडे जाऊ नकोस, या पेन ड्राइव्हवरून सुरू हो. पेन ड्राइव्हवर तयार ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर ती रॅममध्ये येते आणि कॉम्प्युटर चालू होतो. आतलं विंडोज झोपलेलंच राहतं. तुम्ही स्वतः काही बदललं नाही तर आतल्या डिस्कवर एक अक्षरही लिहिलं जात नाही.

ही नवीन गोष्ट नाही. सीडीवरून पूर्ण लिनक्स चालवणारी नॉपिक्स २००० सालीच आली होती. जाणकार तंत्रज्ञ इतकी वर्षं हेच वापरत आलेत. गाडीत स्टेपनी असते तसंच हे समजा. स्टेपनीवर कोणी रोज गाडी चालवत नाही, पण घाटात चाक बसलं तर तिच्याशिवाय घरी पोचता येत नाही.

मोठ्यांनाही हीच वेळ आली होती

१९ जुलै २०२४ आठवतो? क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीचा एक सदोष अपडेट गेला आणि जगभरात विंडोजची मशीन्स निळ्या स्क्रीनवर अडकली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख मशीन्स. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

यातून आपण शिकायचं ते असं. त्या ८५ लाख मशीनमधला डेटा गेला नव्हता आणि यंत्रही बिघडलं नव्हतं. बिघाड फक्त एका छोट्या फाइलमध्ये होता. पण विंडोज सुरूच होत नसल्यामुळे ती फाइल काढायला आत जायचं कसं, हा प्रश्न होता. उपाय काय होता? सेफ मोड किंवा रिकव्हरीमध्ये जाऊन ती एक फाइल काढणे. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी दोन-तीन दिवसांत यूएसबीवरून चालणारं एक टूलही दिलं. आणि अनेक ठिकाणी काम अडलं ते बिटलॉकरची चावी हाताशी नसल्यामुळे. चावीचा मुद्दा लक्षात ठेवा, त्यावर पुढे येऊ.

काय काय लागेल?

१. दोन पेन ड्राइव्ह, १६ किंवा ३२ जीबीचे. ओळखीच्या कंपनीचे, बिलासकट घ्या. रस्त्यावर मिळणारे अवाच्या सवा जीबीचे स्वस्त ड्राइव्ह बऱ्याचदा नकली असतात.

२. एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क. तुमचा डेटा तिच्यावर काढायचा आहे. बॅकअपसाठी घेतलेली असेल तर तीच चालेल, फक्त जागा शिल्लक असल्याची खात्री करा.

३. चांगलं इंटरनेट आणि एक चालू कॉम्प्युटर. हे काम मशीन ठणठणीत असतानाच करायचं असतं.

दोन पेन ड्राइव्ह का? एकावर लिनक्स मिंट टाकायचं, दुसऱ्यावर विंडोजचं इन्स्टॉलेशन. मिंटचा ड्राइव्ह मशीन तपासायला, डेटा काढायला आणि त्या दिवशीचं काम भागवायला. विंडोजचा ड्राइव्ह नंतर विंडोज दुरुस्त करायला.

लिनक्स म्हटल्यावर घाबरू नका. मिंट फुकट आहे, लायसन्सची भानगड नाही, आणि दिसायला विंडोजसारखंच आहे. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, फाइल्सचा पिवळट फोल्डर नाही पण त्याच जागी फाइल मॅनेजर, फायरफॉक्स ब्राउझर, लिब्रे ऑफिस, सगळं तयार येतं. जुनं मशीन असेल तर त्याची 'एक्सएफसीई' आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. किमान २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबी असेल तर आरामात.

पायरी शून्य : बिटलॉकरची चावी

पेन ड्राइव्ह बनवण्याआधी हे करा. क्रम बदलू नका.

आजकालच्या लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते. याला विंडोज प्रोमध्ये बिटलॉकर आणि होममध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नवीन सेटअप केला की हे आपोआप चालू होतं. अनेकांना ते चालू आहे हेच माहीत नसतं. रोज विंडोज स्वतःच कुलूप उघडतं म्हणून जाणवत नाही. पण विंडोज बंद पडलं आणि तुम्ही पेन ड्राइव्हवरून आत गेलात, की ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा डोळ्यासमोर असून मिळत नाही. कुठलाही रिपेअरिंगवाला, कितीही पैसे घेतले तरी, ते कुलूप फोडू शकत नाही.

कसं तपासायचं? सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' उघडा, तिथे 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' चालू आहे का बघा. प्रो आवृत्ती असेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये 'बिटलॉकर ड्राइव्ह एन्क्रिप्शन' उघडा, तिथेच 'बॅक अप युवर रिकव्हरी की' हा पर्याय मिळेल. मायक्रोसॉफ्ट अकाउंट असेल तर त्याच्या वेबसाइटवर लॉगिन करून तुमच्या डिव्हाइसच्या माहितीत ही चावी दिसते.

इथे एक गोम आहे. लॅपटॉप घेताना सेटअप कोणी केला होता? दुकानातल्या मुलाने 'सर, मी करून देतो' म्हणत एखादा नवीनच ईमेल बनवून लॉगिन केलं असेल, तर चावी त्या ईमेलला जोडलेली आहे, आणि त्याचा पासवर्ड तुम्हाला ठाऊक नाही. असं असेल तर आजच स्वतःच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करा किंवा चावी काढून घ्या.

चावी कागदावर प्रिंट करा. एक प्रत घरी कपाटात, एक दुकानाच्या कागदपत्रांच्या फाइलमध्ये. त्याच कॉम्प्युटरवर सेव्ह करून ठेवू नका. तिजोरीची किल्ली तिजोरीतच ठेवण्यासारखं होईल ते!

पेन ड्राइव्ह बनवायच्या पायऱ्या

पहिला ड्राइव्ह, मिंटचा :

१. लिनक्स मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ फाइल डाउनलोड करा. साधारण ३ जीबीची असते. इकडून-तिकडून, टेलिग्रामवरून किंवा कोणाच्या ड्राइव्हवरून घेऊ नका.

२. 'रुफस' हा छोटा प्रोग्रॅम त्याच्या अधिकृत साइटवरून घ्या. फुकट आहे.

३. पेन ड्राइव्ह लावा. त्यावर काही कामाचं असेल तर आधी दुसरीकडे घ्या, कारण तो पूर्ण पुसला जाणार आहे.

४. रुफस उघडा. सगळ्यात वर 'डिव्हाइस'मध्ये तुमचा पेन ड्राइव्हच निवडलाय ना, हे नाव आणि जीबी बघून दोनदा तपासा. एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावलेली असेल तर आधी काढून ठेवा, म्हणजे चुकून तिच्यावर घाव पडणार नाही.

५. 'सिलेक्ट' दाबून आयएसओ फाइल निवडा. शेजारी बरोबरची खूण असलेलं छोटं बटण आहे, ते दाबलं की फाइलचा 'शा-२५६' नावाचा लांबलचक आकडा मिळतो. मिंटच्या साइटवर दिलेल्या आकड्याशी तो ताडून बघा. हा उगाच सोपस्कार नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइट हॅक होऊन आयएसओच्या जागी खोट घातलेली फाइल ठेवली गेली होती. आकडा जुळवणाऱ्याला असा फरक कळू शकतो. शिवाय डाउनलोड अर्धवट झालं असेल तर तेही समजतं.

६. 'स्टार्ट' दाबा. लिहिण्याची पद्धत विचारली तर जिच्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलंय ती घ्या. दहा-पंधरा मिनिटांत काम होतं.

दुसरा ड्राइव्ह, विंडोजचा : मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 'मीडिया क्रिएशन टूल' घ्या आणि ते सांगेल तसं करत जा. किमान ८ जीबीचा ड्राइव्ह लागतो. यावर 'रिपेअर'चा पर्याय असतो, आपल्याला तोच हवाय.

दोन्ही ड्राइव्हवर मार्करने नाव आणि तारीख लिहा. नाही लिहिलं तर महिनाभरात कोणीतरी 'रिकामाच दिसतोय' म्हणून त्यावर गाणी भरेल.

ज्यांच्याकडे पाच-सहा मशीन आहेत, किंवा ज्यांना सेवा केंद्र, सायबर कॅफे चालवायचा आहे, त्यांनी 'व्हेंटॉय' बघावं. एकाच पेन ड्राइव्हवर अनेक आयएसओ नुसत्या कॉपी करून ठेवता येतात आणि सुरू करताना हवी ती निवडता येते. मात्र सिक्युअर बूट चालू असलेल्या मशीनवर पहिल्या वेळी एक निळी चौकट येऊन व्हेंटॉयची की नोंदवावी लागते. सुरुवातीला रुफसचा साधा मार्गच बरा.

चालू कसा करायचा? आजच करून बघा

मशीन पूर्ण बंद करा, पेन ड्राइव्ह लावा, चालू करा आणि लगेच बूट मेनूचं बटण टिचक्या मारल्यासारखं दाबत राहा. प्रत्येक कंपनीचं बटण वेगळं :

– डेल : एफ १२
– लेनोव्हो : एफ १२, काही लॅपटॉपवर बाजूला टाचणीने दाबायचं छोटं 'नोव्हो' बटण
– एचपी : एस्केप, मग एफ ९
– एसर : एफ १२, पण काही मॉडेलमध्ये आधी बायोसमध्ये जाऊन ते चालू करावं लागतं
– असूस : लॅपटॉपवर एस्केप, असेंबल्ड डेस्कटॉपवर एफ ८
– गिगाबाइट मदरबोर्ड : एफ १२
– एमएसआय मदरबोर्ड : एफ ११

बटण जमत नसेल तर सरावासाठी दुसरा मार्ग आहे. विंडोज चालू असताना शिफ्ट दाबून धरा आणि 'रीस्टार्ट'वर क्लिक करा, मग 'यूज अ डिव्हाइस' निवडा. पण विंडोज बंद पडल्यावर हा मार्ग नसतो, म्हणून आपल्या मशीनचं बटण आज शोधून पेन ड्राइव्हच्या लेबलवरच लिहून ठेवा.

मिंट सुरू झालं की डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं एक चिन्ह दिसेल. त्याला हात लावायचा नाही. आपल्याला ते इन्स्टॉल करायचं नाहीये, नुसतं चालवायचंय. त्या चिन्हावरून पुढे पुढे 'नेक्स्ट' करत गेलात तर आतली डिस्क पुसली जाऊ शकते. दुकानात मदतनीस असेल तर त्यालाही हे एक वाक्य पाठ करून द्या.

आता चार गोष्टी तपासा. वाय-फाय लागतं का? कीबोर्ड-माऊस चालतो का? फाइल मॅनेजरमध्ये तुमची आतली डिस्क दिसते का? तिच्यातली एखादी फाइल उघडते का? डिस्कवर क्लिक केल्यावर पासवर्डची चौकट आली तर ती कुलूपबंद आहे. तिथे ४८ अंकी चावी मधल्या डॅशसकट टाकून बघा. हा सराव आज झाला तर अडचणीच्या दिवशी हात थरथरणार नाही.

अडचणीच्या दिवशी : रोग कुठे आहे ते ओळखा

विंडोज सुरू होत नाही. पेन ड्राइव्ह लावला. आता काय घडतं त्यावरून निदान करा.

*पेन ड्राइव्हवरून मशीन छान चालतंय, डिस्क दिसतेय, फाइल्स उघडतायत.* याचा अर्थ यंत्र ठीक आहे, फक्त विंडोज बिघडलंय. नवीन मदरबोर्ड, नवीन रॅम असं कोणी सुचवलं तर नम्रपणे नाही म्हणा.

*डिस्क दिसते, पण फोल्डर उघडायला मिनिटं लागतात, कॉपी करताना एरर येतात.* डिस्क खराब होत चालली आहे. मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचा प्रोग्रॅम आहे, त्याच्या मेनूत 'स्मार्ट डेटा' बघा. तिथे डिस्क 'फेलिंग' दाखवत असेल तर इतर सगळं सोडा आणि आधी सगळ्यात महत्त्वाच्या फाइल्स काढा.

*डिस्क दिसतच नाही.* जोडणी सुटली असेल, डिस्क गेली असेल, किंवा काही लॅपटॉपवर बायोसमधल्या स्टोरेजच्या सेटिंगमुळे लिनक्सला ती दिसत नसेल. म्हणूनच चालू असताना सराव करायला सांगितलं. त्या दिवशी दिसत होती आणि आज नाही, तर डिस्कवर संशय पक्का.

*पेन ड्राइव्हवरूनही मशीन अडकतं, मध्येच बंद पडतं.* विंडोजचा दोष नाही. रॅम, पंखा, उष्णता किंवा पॉवर सप्लाय बघायला हवा. इथे फॉर्मॅट मारून काहीच उपयोग होणार नाही.

*स्क्रीनवर काहीच येत नाही, लोगोही नाही.* इथे पेन ड्राइव्ह कामाचा नाही. तंत्रज्ञाकडेच न्या.

आणखी एक वापर. विंडोजमध्ये इंटरनेट चालत नाही, पण मिंटमध्ये त्याच वाय-फायवर चालतंय, तर राउटर ठीक आहे आणि गडबड विंडोजच्या सेटिंगमध्ये आहे. नवीन राउटरचे पैसे वाचले.

एक धोक्याची सूचना. हार्ड डिस्कमधून टक् टक् असा आवाज येत असेल तर मशीन ताबडतोब बंद करा. पेन ड्राइव्ह नाही, 'एकदा बघू या' नाही, काहीच नाही. अशी डिस्क जितकी फिरवाल तितकी ती आतून खरवडली जाते. डेटा महत्त्वाचा असेल तर सरळ डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडे द्या.

डेटा काढायचा क्रम

एक्स्टर्नल डिस्क लावा. तारखेच्या नावाचा एक फोल्डर करा. मग आतल्या डिस्कमध्ये 'यूझर्स' फोल्डर उघडा आणि या क्रमाने कॉपी करा :

१. टॅली : टॅली प्राइममध्ये नेहमीची जागा म्हणजे यूझर्स, त्यात पब्लिक, त्यात टॅली प्राइम, त्यात डेटा. आत आकड्यांच्या नावाचे फोल्डर असतात, एकेक फोल्डर म्हणजे एकेक कंपनी. अख्खा डेटा फोल्डर घ्या. तुमच्याकडे जागा वेगळी ठेवली असेल तर टॅलीत कंपनी निवडण्याच्या स्क्रीनवर ती दिसते, आजच बघून लिहून ठेवा. दुसरं बिलिंग सॉफ्टवेअर असेल तर डेटा कुठे साठतो ते त्यांच्या सपोर्टला आजच विचारा.

२. तुमच्या नावाच्या फोल्डरमधले डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स. डेस्कटॉप रिकामा दिसला तर घाबरू नका, शेजारच्या 'वनड्राइव्ह' फोल्डरमध्ये बघा. बऱ्याच मशीनवर तो तिथे हललेला असतो.

३. आउटलुक वापरत असाल तर डॉक्युमेंट्समधल्या 'आउटलुक फाइल्स' या फोल्डरमधली पीएसटी फाइल. तुमचे सगळे जुने मेल तीत असू शकतात.

४. डी, ई असे ड्राइव्ह केले असतील तर त्यातलं कामाचं.

डीटीपी आणि प्रिंटिंगवाल्यांसाठी : श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फाइल्स मिंटमध्ये उघडल्या तर अक्षरं विचित्र दिसतील, कारण तो फॉन्ट तिथे नाही. फाइल खराब झालेली नाही, निर्धास्त कॉपी करा. फॉन्टचा फोल्डरही घ्यायला विसरू नका.

डिस्क 'फक्त वाचण्यासाठी' उघडली असा संदेश आला तर चिंता नको. विंडोज अर्धवट झोपलेलं असलं की असं होतं. आपल्याला वाचायचंच आहे. मूळ डिस्कवर काही हलवू नका, पुसू नका, नावं बदलू नका. फक्त कॉपी.

कॉपी झाली की पाच-सहा फाइल्स एक्स्टर्नल डिस्कवरून उघडून बघा, मग 'इजेक्ट' करून काढा. आता रिपेअरिंगवाल्याकडे जायला तुम्ही मोकळे. जाण्याआधी विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून 'रिपेअर'च्या पर्यायातला 'स्टार्टअप रिपेअर' एकदा चालवून बघा. जमलं तर फेरी वाचली. नाही जमलं तर दुकानात जाऊन शांतपणे सांगा, "डेटा काढलाय, मशीन पेन ड्राइव्हवरून नीट चालतंय, विंडोजच बघा." असं बोलणाऱ्या गिऱ्हाइकाशी दुकानदारही वेगळ्या पद्धतीने बोलतो.

धंदा त्या दिवशीही चालू ठेवा

पुन्हा त्या १८ तारखेकडे या. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना जीएसटीआर-३बी ची मुदत २० तारीख आहे. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी, निल रिटर्न असेल तर २० रुपये, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. रक्कम लहान वाटते, पण तुमचं जीएसटीआर-१ वेळेत गेलं नाही तर तुमच्या ग्राहकाचं इनपुट क्रेडिट अडकतं, आणि पुढच्या ऑर्डरला तो ते आठवणीत ठेवतो.

मिंटमधल्या फायरफॉक्सवर जीएसटी पोर्टल, ई-वे बिल, नेट बँकिंग, जीमेल, व्हॉट्सॲप वेब सगळं उघडतं. प्रोप्रायटर असाल तर मोबाइलवरच्या ओटीपीने, म्हणजे ईव्हीसीने, रिटर्न भरता येतं. प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सिग्नेचर लागते, आणि तो टोकन मिंटवर सहजी चालत नाही. त्यासाठी सीएकडच्या किंवा ओळखीच्या मशीनचा बंदोबस्त आधीच ठरवून ठेवा. टॅलीचंही तसंच. ती मिंटवर चालणार नाही, पण काढलेला डेटा दुसऱ्या विंडोज मशीनवरच्या टॅलीत उघडता येतो.

लक्षात ठेवा, मिंट बंद केलं की त्यात केलेलं सगळं पुसलं जातं. डाउनलोड केलेलं चलन, बनवलेलं कोटेशन लगेच एक्स्टर्नल डिस्कवर सेव्ह करा.

नाण्याची दुसरी बाजू

तुमच्या पेन ड्राइव्हवरून तुमच्या फाइल्स विंडोजचा पासवर्ड न टाकता उघडल्या, हे ध्यानात आलं का? म्हणजे लॅपटॉप चोरणाऱ्यालाही हे जमतं. विंडोजचा पासवर्ड फक्त विंडोजचं दार अडवतो, डिस्कचं नाही. म्हणून बिटलॉकर त्रासदायक वाटलं तरी बंद करू नका. कुलूप असू द्या, चावी सांभाळा. आणि हा पेन ड्राइव्ह फक्त स्वतःच्या मशीनवर, किंवा मालकाने सांगितलं तरच दुसऱ्याच्या मशीनवर वापरा.

आणखी एक गैरसमज नको. हा पेन ड्राइव्ह बॅकअपची जागा घेत नाही. डिस्क पूर्ण मेली, चोरी झाली, रॅन्समवेअरने फाइल्स कुलूपबंद केल्या, तर हा काही करू शकत नाही. त्यासाठी ३-२-१ चा नियम पाळा : डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुकानाबाहेर. टॅलीचा बॅकअप रोज रात्री, बाकीचा आठवड्यातून एकदा. बॅकअपची डिस्क कायम मशीनला लावून ठेवू नका.

या रविवारचा गृहपाठ

१. बिटलॉकर चालू आहे का तपासा, चावी दोन ठिकाणी कागदावर ठेवा.
२. मिंट आणि विंडोज, दोन्ही पेन ड्राइव्ह बनवा, नाव-तारीख लिहा.
३. एकदा मिंटवरून मशीन सुरू करा, वाय-फाय आणि डिस्क दिसते का बघा.
४. बूट मेनूचं बटण, टॅली डेटाची जागा आणि सीएचा नंबर एका कागदावर लिहून टेबलाच्या खणात चिकटवा.
५. कॅलेंडरवर एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात खूण करा. दरवर्षी नवीन वह्या घालताना पेन ड्राइव्हही नव्या आयएसओने परत बनवायचे. जुन्या आयएसओला नव्या मशीनचं हार्डवेअर ओळखता येत नाही, आणि कधी कधी सिक्युअर बूटही ती अडवतं.

दोन-तीन तासांचं काम आहे. व्हिडिओ लावून शेजारी हा कागद ठेवा आणि एकेक पायरी करत जा. घरात कॉलेजला जाणारी मुलं असतील तर त्यांनाही बसवा, ती तुमच्यापेक्षा लवकर करतील. फक्त 'इन्स्टॉल'च्या चिन्हावर कोणी क्लिक करत नाही ना, एवढं लक्ष ठेवा!